एका पिनेवर दोन ट्यून

माझ्याकडे १९९५ सालची होंडा सिव्हिक ईएक्स कूपे आहे. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर जे मीठ पसरतात, त्याने तिच्या मागच्या चाकांवरच्या कमानी खाऊन टाकल्या आहेत, टपाचा रंग उडाला आहे आणि चालकाच्या बाजूची काच वर करताना तिला हाताने आधार द्यावा लागतो; इंजिन मात्र ठणठणीत आहे. डी१६झेड६ या नावाचे हे १५९० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन कारखान्यातून निघताना ६६०० आरपीएमला १२५ अश्वशक्ती देत असे. गेल्या दोन हिवाळ्यांत, बाहेर बर्फ पडत असताना गॅरेजात हीटर लावून, मी या गाडीच्या इंजिन कॉम्प्युटरमध्ये म्हणजे ईसीयूमध्ये दोन ट्यून, म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या आकड्यांचे दोन संच, बसवल्या आणि डॅशबोर्डखालच्या एका साध्या स्विचने त्यांची अदलाबदल करण्याची सोय केली. कागदावर हे काम एका तारेचे आहे. प्रत्यक्षात मी त्यात एकामागून एक चार चुका केल्या, आणि प्रत्येक चुकीने ईसीयू आतून कसा चालतो हे थोडे अधिक कळत गेले, म्हणून ते क्रमाने लिहून ठेवतो आहे.

दोन ट्यून कशासाठी, हा पहिला प्रश्न. इथल्या पंपांवर साधे पेट्रोल ८७ ऑक्टेनचे आणि महागडे पेट्रोल बहुतेक ठिकाणी ९३ ऑक्टेनचे मिळते. (भारतातल्या वाचकांनी हे आकडे पाहून दचकू नये. भारतात पंपावर लिहिलेला आकडा रिसर्च ऑक्टेनचा असतो, तर अमेरिकेत रिसर्च आणि मोटर अशा दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी लिहितात. त्यामुळे इथले ८७ म्हणजे साधारणपणे आपल्याकडचे ९१ होय.) ऑफिसला जाण्यायेण्यासाठी ८७ पुरेसे आहे. वर्षातून चार-सहा वेळा मात्र मी ही गाडी वॉटरफर्ड हिल्स किंवा साउथ हेवनजवळच्या जिंजरमन या ट्रॅकवर नेतो, आणि त्या दिवशी टाकीत ९३ असते. ऑक्टेन जास्त असले की मिश्रण वेळेआधी आपोआप भडकण्याची भीती कमी होते आणि ठिणगी थोडी आधी टाकता येते. ठिणगी योग्य तेवढी आधी पडली की ज्वलनाचा दाब पिस्टनवर नेमक्या वेळी येतो आणि थोडी जास्त ताकद मिळते.

आजच्या गाड्यांमध्ये हा निर्णय गाडी स्वतः घेते. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, तो धातूतली टणटण ऐकतो आणि ईसीयू ठिणगी मागे घेतो. पेट्रोल चांगले असेल तर तोच ईसीयू ती पुन्हा पुढे नेतो. माझ्या गाडीच्या इंजिनावर नॉक सेन्सर नाही. तिच्यातला पी२८ क्रमांकाचा ईसीयू पूर्ण बहिरा आहे. टाकीत काय ओतले आहे हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. होंडाने त्याला सर्वांत साध्या पेट्रोलवरही सुरक्षित राहील असे ठिणगीचे टायमिंग देऊन ठेवले, आणि त्या काळी ते योग्यच होते. ९३ साठी टायमिंग वाढवून ठेवले आणि मग सोमवारी सकाळी घाईत ८७ भरले, तर हे इंजिन तक्रार करणार नाही, पिस्टन मात्र झिजू लागतील. म्हणून पेट्रोलची माहिती ईसीयूला कुणीतरी सांगायला हवी, आणि ते काम स्विचचे. नॉक सेन्सर असलेल्या गाडीत असा स्विच बसवणे ही मला बव्हंशी हौस वाटते. या गाडीत तो गरजेतून आला.

पी२८ हा ईसीयू पुढच्या प्रवाशाच्या पायाशी, गालिच्याआड बसवलेला असतो. पत्र्याची सपाट पेटी, तीन मोठे कनेक्टर आणि आत एकच बोर्ड. इंजिनात किती हवा जाते हे तो थेट मोजत नाही. इन्टेक मॅनिफोल्डमधला दाब, हवेचे तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचा अंदाज बांधतो आणि तक्त्यांत पाहून पेट्रोल किती वेळ फवारायचे व ठिणगी किती अंश आधी टाकायची हे ठरवतो. तक्त्याच्या एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला आरपीएम, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. ट्यून म्हणजे हे आकडे. मौज अशी की या गाडीत तक्त्यांची अदलाबदल कारखान्यापासूनच चालू आहे. व्हीटेक इंजिनात कमी आरपीएमला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक आकार वापरला जातो आणि सुमारे ४८०० च्या पुढे दुसरा. ज्या क्षणी सोलेनॉइड तेलाचा दाब सोडून इन्टेक व्हॉल्व्हना मोठ्या कॅमवर नेते, त्या क्षणी ईसीयूही लहान कॅमचे पेट्रोल आणि इग्निशनचे तक्ते मिटून मोठ्या कॅमचे तक्ते उघडतो. गाडी एकाच वेळी दोन तक्ते बाळगू शकते, हे मला नव्याने शिकवावे लागले नाही. फक्त अदलाबदलीचा हुकूम आरपीएमऐवजी माझ्या हातून यायला हवा होता.

आता बोर्डाकडे वळतो. पी२८ मध्ये ओकी कंपनीचा ६६के मालिकेतला मायक्रोकंट्रोलर आहे आणि होंडाचा प्रोग्रॅम त्याच्या पोटातच कायमचा कोरलेला आहे. तो पुसता येत नाही. परंतु बोर्डावर काही जागा रिकाम्या सोडलेल्या दिसतात: २८ पायांच्या चिपची एक, २० पायांच्या चिपची एक, दोन कपॅसिटरांच्या, एका रेझिस्टरची आणि जे१ असे लिहिलेली एका तारेची. या जागा भरल्या आणि जे१ जोडली की मायक्रोकंट्रोलर आपल्या पोटातला प्रोग्रॅम सोडून बाहेरच्या चिपमधला प्रोग्रॅम वाचू लागतो. २० पायांची चिप म्हणजे ७४एचसी३७३ हा लॅच. मायक्रोकंट्रोलरचे पाय मोजके असल्याने पत्त्याचा खालचा अर्धा भाग आणि डेटा हे दोन्ही एकाच आठ तारांवरून आळीपाळीने येतात. लॅच पत्ता पकडून धरतो, म्हणजे त्याच तारांवरून डेटा परत येईपर्यंत चिपला पत्ता दिसत राहतो.

ही सगळी सामग्री मी पुण्यात सुट्टीवर असताना बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून घेतली होती. अमेरिकेत ती घरपोच मिळाली असती हे मला ठाऊक आहे. पण काउंटरवर उभे राहून सॉकेट हातात घ्यावा, त्याचे पाय गोल आहेत की चपटे हे पाहावे आणि दुकानदाराने "कशासाठी पाहिजे?" असे विचारावे, यात एक सुख आहे. डाग देण्याआधी बोर्डावरच्या छिद्रांत भरलेले जुने सोल्डर काढणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत नाजूक काम आहे; घाई केली तर छिद्राभोवतीची तांब्याची कडी उचकटून येते. मला त्यासाठी दोन संध्याकाळी लागल्या. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

पहिली चूक चिप भरताना झाली. या जागेसाठी मुळात २७सी२५६ ही चिप अभिप्रेत आहे. तिच्यात ३२ किलोबाइट मावतात आणि पत्त्याच्या पंधरा तारा असतात, ए० पासून ए१४ पर्यंत. ती पुसायला अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटे ठेवावी लागते, म्हणून लोक २७एसएफ५१२ ही विजेने क्षणात पुसली जाणारी चिप वापरतात. मीही तीच घेतली. तिच्यात दुप्पट म्हणजे ६४ किलोबाइट मावतात. मी ३२ किलोबाइटची फाइल शून्य पत्त्यापासून चिपमध्ये भरली, चिप सॉकेटमध्ये दाबली, चावी फिरवली आणि चेक इंजिनचा दिवा लागून राहिला. इंजिन फिरले, पण पेटले नाही. संपूर्ण रविवार मी माझे डाग तपासत बसलो. डाग चांगले होते. कारण वेगळेच होते: २७सी२५६ च्या पहिल्या पिनेला प्रोग्रॅमिंगचा व्होल्टेज लागतो आणि नेहमीच्या वापरात ती पाच व्होल्टला बांधून ठेवतात, तर ५१२ च्या चिपमध्ये तीच पहिली पिन पत्त्याची सोळावी तार असते, ए१५. बोर्डाने ती पाच व्होल्टला बांधली असल्यामुळे ए१५ कायम एक, आणि ए१५ एक म्हणजे मायक्रोकंट्रोलर चिपचा वरचाच अर्धा भाग पाहतो. मी प्रोग्रॅम खालच्या अर्ध्यात भरला होता आणि वरचा अर्धा कोरा होता. सोळाच्या मोजणीतल्या ८००० या पत्त्यापासून फाइल भरायची, ही सूचना अनेकांनी लिहून ठेवलेली आहे. मी ती वाचली होती आणि तिचा अर्थ न समजता सोडून दिली होती.

अर्थ समजला तेव्हा लक्षात आले की जिने रविवार खाल्ला तीच पिन मला हवी आहे. पहिली पिन पाच व्होल्टपासून सोडवली आणि तिला कधी पाच व्होल्ट व कधी ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट, दिला, की मायक्रोकंट्रोलरला कधी वरचे ३२ किलोबाइट दिसतील आणि कधी खालचे. त्याला स्वतःला काहीच कळणार नाही. तो पूर्वीच्याच पंधरा तारांवर तेच पत्ते मागत राहील. स्विचने ट्यून बदलण्याच्या पद्धतीचे सारे मर्म एवढेच आहे, आणि जुन्या, सुट्या चिपच्या कोणत्याही ईसीयूत ते लागू पडते.

पिन वाकवून सॉकेटबाहेर काढायची असते, पण चिपचे पाय दोन-तीनदा वाकवले की तुटतात. म्हणून मी चिपखाली आणखी एक गोल पायांचा सॉकेट घेतला, त्याचा पहिला पाय वाकवला आणि तो बोर्डावरच्या सॉकेटमध्ये बसवला. चिप कितीही वेळा काढली-घातली तरी तिला इजा नाही. वाकवलेल्या पायाला तार, तारेला स्विच, स्विचला ग्राउंड. चाचणीसाठी दोन्ही अर्ध्यांत एकच प्रोग्रॅम भरला आणि फरक कळावा म्हणून फक्त आयडलचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन फिरण्याच्या वेगाचा, आकडा बदलला: वर ७५०, खाली १०००. स्विच ग्राउंडला टाकला की आयडल वर जाई. स्विच उघडला की मात्र कधी खाली येई, कधी येत नसे, आणि मी ईसीयूच्या उघड्या पेटीजवळ बोट नेले की स्विचला हात न लावताही बदले.

माझ्या काकांनी पुण्यात तीस वर्षे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. त्यांना मी फोनवर हे सांगितले.

"पहिली पिन कुठे जोडली आहेस?" त्यांनी विचारले.

"स्विचला, काका. स्विच चालू केला की तिला ग्राउंड मिळतो."

"आणि स्विच बंद असताना?"

मी गप्प राहिलो. ही दुसरी चूक.

"अरे, मोकळ्या पिनेला काय ठाऊक की आपण शून्य आहोत की एक? जे हवेत असेल ते ती ऐकणार. तिला पाच व्होल्टला दहा के लाव, आणि मग बोल माझ्याशी."

दहा किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लावल्यावर आयडल शहाण्यासारखे वागू लागले. या रेझिस्टरने आणखी एक गोष्ट ठरवून दिली, जी मला आजही या कामातली सर्वांत महत्त्वाची वाटते. स्विच तुटला, तार निसटली, कनेक्टर गंजला, तर पिन आपोआप एकवर जाते आणि वरचा अर्धा वाचला जातो. म्हणून सुरक्षित ट्यून, म्हणजे ८७ ची, नेहमी वरच्या अर्ध्यात ठेवायची. बिघाड झालाच तर गाडी मवाळ व्हावी, आक्रमक होऊ नये. मी पाहिलेल्या काही आकृत्यांत हे नेमके उलटे होते आणि काढणाऱ्याने त्याचा विचार केल्याचे दिसत नव्हते.

तिसरी चूक आकड्यांची होती, किंवा खरे तर आकड्यांखालच्या प्रोग्रॅमची. माझी ८७ ची ट्यून मूळ पी२८ च्या प्रोग्रॅमवर आधारलेली होती. ९३ ची ट्यून मी एका मित्राकडून मिळालेल्या फाइलवर बेतली. तिच्यात काही जास्तीच्या सोयी घातलेल्या होत्या, त्यासाठी प्रोग्रॅममध्येच फेरफार केलेला होता. दोन्ही ट्यून स्वतंत्रपणे उत्तम चालत. चालू इंजिनात स्विच टाकला की मात्र इंजिन गचके देऊन बंद पडे आणि दिवा लागे.

हे समजावून घेताना मला आजीचे पारायण आठवले. समजा, पोथी वाचत असलेल्या माणसाच्या पुढची पोथी, तो एक ओवी संपवून दुसरीकडे वळत असताना, कुणी अलगद काढून घेतली आणि तिथे दुसरी प्रत ठेवली. दोन्ही प्रती एकाच छापाच्या असतील, तर त्याच पानावर त्याच ओळीला तीच ओवी असेल आणि वाचणारा न अडखळता पुढे जाईल. एखाद्या ओवीतला एखादा शब्द तेवढा वेगळा असेल. पण दुसऱ्या छापाची प्रत असेल, तर त्या पानावर भलताच अध्याय निघेल. मायक्रोकंट्रोलरला आपण कोणत्या ओळीवर आहोत एवढेच ठाऊक असते. स्विच टाकल्याच्या क्षणी तो पुढची आज्ञा दुसऱ्या अर्ध्यातल्या त्याच पत्त्यावरून उचलतो, आणि तिथे आज्ञेऐवजी दुसऱ्याच कशाचा तरी मधला तुकडा असला, तर प्रोग्रॅम रानोमाळ भटकतो.

म्हणून नियम असा केला: दोन्ही अर्ध्यांत प्रोग्रॅम एकच, शेवटच्या बाइटपर्यंत एकच, वेगळे असतील ते फक्त तक्त्यांतले आकडे आणि मर्यादांचे दोन-चार आकडे. मी आता ९३ ची ट्यून नव्याने बनवत नाही. ८७ च्या फाइलची नक्कल करून तिच्यातच बदल करतो, आणि चिपमध्ये भरण्याआधी दोन्ही फाइली बाइटागणिक ताडून पाहतो. फरक तक्त्यांच्या जागांबाहेर दिसला तर काहीतरी बिघडले आहे. प्रोग्रॅम आपल्याच बाइटांची बेरीज करून रॉम, म्हणजे प्रोग्रॅमची चिप, धड आहे ना हे तपासत असतो, तीही तपासणी दोन्हीकडे बंद ठेवावी लागते, कारण बेरीज चालू असताना पोथी बदलली तर हिशेब जुळणार कसा?

एवढे करूनही एक शंका उरते. दोन बाइटांचा एखादा आकडा वाचताना पहिला बाइट एका ट्यूनमधून आणि दुसरा दुसरीतून आला तर? येऊ शकतो. शिवाय साधा स्विच एका झटक्यात बंद होत नाही. त्याची पाती काही मिलिसेकंद थडथडतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या अर्ध्या फेऱ्याला एक ठिणगी पडते, म्हणजे ६००० आरपीएमला दर पाच मिलिसेकंदांनी एक, आणि आयडलला, ७५० आरपीएमवर, दर चाळीस मिलिसेकंदांनी. थडथडीत फार तर एखाद्या ठिणगीचा हिशेब चुकेल. इंजिनाला ते जाणवतही नाही. तरीही मी स्विच फक्त आयडलला टाकतो. भर वेगात ट्यून बदलण्याची गरज मला आजवर कधीच पडलेली नाही, कारण धावत्या गाडीत टाकीतले पेट्रोल बदलत नाही.

चौथी चूक डेटालॉगने पकडली. मी ईसीयूच्या सिरियल पोर्टला लॅपटॉप जोडून रोजच्या वाटेवर आकडे नोंदवत होतो. स्विच ८७ वर असतानाही इग्निशनच्या रेषेत मधूनच एखादा काटा उभा राहायचा, आणि त्या काट्याची उंची बरोबर ९३ च्या तक्त्यातल्या आकड्याएवढी असायची. थंडी जास्त असलेल्या दिवशी काटे जास्त. याचा उलगडा व्हायला आठवडा गेला. स्विचपर्यंतची तार मी नीटनेटकी दिसावी म्हणून हीटरच्या पंख्याच्या तारांच्या जुडग्याला बांधली होती. पंख्याच्या मोटरचे कार्बन ब्रश ठिणग्या उडवतात, पंखा जोरात लावला की त्या वाढतात, आणि दहा किलोओहमच्या अशक्त आधारावर उभी असलेली माझी तार त्या ऐकत होती. थोडक्यात, मी एक मीटर लांबीचा अँटेना चिपच्या पत्त्याला जोडून दिला होता.

उपाय म्हणून तार वेगळ्या वाटेने नेली, आणि चिपच्या अगदी शेजारी ७४एचसी१४ ही श्मिट ट्रिगरची चिप बसवली. स्विचकडून येणारी तार आधी दहा किलोओहम आणि एक मायक्रोफॅरडच्या गाळणीतून जाते, त्यामुळे दहाएक मिलिसेकंदांहून बारीक गडबड तिथेच विरून जाते. नुसती गाळणी लावून भागले नसते, कारण गाळणीतून बाहेर पडणारा व्होल्टेज हळूहळू चढतो, आणि शून्य-एकच्या मधल्या टापूत रेंगाळणारा व्होल्टेज पत्त्याच्या पिनेला देणे म्हणजे मूळ दुखणे परत आणणे. श्मिट ट्रिगर त्या रेंगाळत्या चढाची स्वच्छ उभी पायरी करून देतो. लॉगमधले काटे गेले. मात्र ही चिप इन्व्हर्टर आहे, शून्याचा एक आणि एकाचा शून्य करते, हे मी विसरलो आणि दोन्ही ट्यून उलटसुलट झाल्या. गाडी बाहेर काढण्याआधी पहिल्या पिनेवर मीटर ठेवला म्हणून बचावलो. चिपमध्ये सहा इन्व्हर्टर असतात. एकामागे दुसरा जोडला आणि उलट्याचे सुलट झाले. काकांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ हसत होते.

ट्यूनच्या आकड्यांविषयी थोडे. ९३ च्या तक्त्यात मी फक्त जास्त दाबाच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबलेला असतानाच्या चौकटींत टायमिंग दोन ते तीन अंशांनी वाढवले. त्याआधी सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर टायमिंग लाइटने तपासून आयडलला १६ अंशांवर आणला, कारण डिस्ट्रिब्युटरच फिरलेला असेल तर तक्त्यातला आकडा आणि प्रत्यक्ष ठिणगी यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. पेट्रोलचे तक्ते हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून तपासले आणि दोन्हीकडे सारखेच ठेवले. सात हजार दोनशेची आरपीएम मर्यादा तशीच ठेवली. जुन्या इंजिनाचे बेअरिंग मला प्रिय आहेत.

टाकीतल्या मिश्रणाचा हिशेबही करावा लागतो. टाकी ४५ लिटरची आहे. तिच्यात १५ लिटर ८७ उरलेले असताना वर ३० लिटर ९३ भरले, तर टाकीत अंदाजे ९१ तयार होते, ९३ नव्हे. म्हणून माझी दुसरी ट्यून नावाला ९३ ची असली तरी मी ती ९१ वर भागेल इतकीच ताणलेली आहे. यातून मिळते किती? गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, नेलेली नाही, त्यामुळे अश्वशक्तीचा आकडा माझ्याकडे नाही. तिसऱ्या गिअरमध्ये मधल्या आरपीएमला ती थोडी मोकळी धावते, आणि लॉगमधल्या वेळांत सेकंदाच्या दशांशांत मोजावा असा फरक दिसतो. टर्बो लावलेल्या गाडीत हाच स्विच फार मोठा फरक घडवील. माझ्या गाडीत तो बेताचाच आहे.

कायद्याचा मुद्दा टाळता येणार नाही. मिशिगनमध्ये गाड्यांची नियमित धूरतपासणी होत नाही, म्हणून इथे पुष्कळांना वाटते की हवे ते करावे. अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा तसे म्हणत नाही. उत्सर्जनाशी संबंधित यंत्रणेत ढवळाढवळ करायला त्याची मनाई आहे, मग तपासणारा कुणी असो वा नसो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि रोजच्या सौम्य चालवण्यात लागणारा तक्त्याचा भाग यांना मी हात लावलेला नाही. वरच्या अर्ध्यात कारखान्याचेच आकडे आहेत आणि रस्त्यावर तेच चालतात. दुसरी ट्यून ट्रॅकच्या फाटकाच्या आत लागते.

एका ईसीयूत दोन ट्यून ही कल्पना किती सभ्य किंवा असभ्य असू शकते, हे १८ सप्टेंबर २०१५ रोजी जगाला दिसले. त्या दिवशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवागनला नोटीस बजावली. त्या डिझेल गाड्यांच्या ईसीयूतही दोन वागणुकी होत्या, एक प्रयोगशाळेसाठी आणि एक रस्त्यासाठी, आणि स्टिअरिंग फिरते आहे की नाही यासारख्या खुणांवरून आपण तपासणीच्या रोलरवर आहोत हे ओळखून प्रोग्रॅम स्वतःच त्यांची अदलाबदल करत होता. जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होते. भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने गाड्या तपासल्या आणि त्या डिसेंबरात कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचे जाहीर केले. माझ्या स्विचवर पाटी आहे आणि तो मालकाच्या हातात आहे. तिकडचा स्विच मालकालाही दिसत नव्हता. तंत्र म्हणून पाहिले तर दोन्हीकडे एकाच आज्ञावलीला दोन तक्ते दाखवले जातात.

नव्या गाड्यांत हे काम सोल्डरिंगशिवाय होते. प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत असतो, ट्यूनर त्यातच तक्त्यांचे दोन-चार संच ठेवून देतात आणि क्रूझ कंट्रोलच्या बटनांनी संच निवडता येतो. ते निश्चितच सुबक आहे. पुण्यातले माझे मित्र त्याला रिमॅप म्हणतात, लॅपटॉप जोडून तासाभरात करून घेतात आणि नंतर वॉरंटीची काळजी करत बसतात. माझ्या गाडीची वॉरंटी गेल्या शतकातच संपलेली असल्यामुळे ती चिंता मला नाही.

आता एक तिसरी ट्यून हवीशी वाटते आहे: गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली तर तीन हजार आरपीएमच्या वर जाऊच नये अशी. त्यासाठी १२८ किलोबाइटची चिप लागेल आणि ए१६ ही आणखी एक तार मोकळी करावी लागेल, म्हणजे चार जागा मिळतील. ती चिप ३२ पायांची असते आणि माझा सॉकेट २८ पायांचा आहे, त्यामुळे मध्ये एक छोटा बोर्ड बनवावा लागेल. त्याची आकृती काढून मी काकांना पाठवली. त्यांनी ती लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवली. दोन्ही पिनांना मी पुल-अप दाखवले होते, पण चार जागांपैकी तारा तुटल्यावर कोणती वाचली जाईल हे लिहायला विसरलो होतो.